‘लागणे’च्या सहाशे चौदा चिठ्ठ्या

१

चूकभूलकाकांनी आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर दिले होते. लग्नाच्या आमंत्रणाला, विम्याच्या छापील पत्रकाला, इतकेच काय, पत्ता चुकून दारात पडलेल्या शेजाऱ्यांच्या पत्रालासुद्धा. राहिले होते ते एकच. तेवीस वर्षे ते कपाटाच्या तिसऱ्या खणात पडून होते. काकांना ते पाठ होते, कारण मजकूर चार ओळींचाच होता.

‘काका, चिठ्ठ्या मी नेल्या नाहीत. कोणी नेल्या तेही मला माहीत नाही. मी हे केलेलं नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, एवढंच एका ओळीत लिहून पाठवा. मी ते कुणालाही दाखवणार नाही.’

पत्र चिठ्ठीबाईंचे होते. शब्दकोशाच्या कचेरीत शब्दागणिक चिठ्ठ्यांचे खण असत आणि त्या खणांच्या किल्ल्या बाईंच्या कमरेला असत. चोवीस वर्षांपूर्वी रंगकामासाठी कचेरी तीन दिवस बंद राहिली. सोमवारी उघडली तेव्हा ‘लागणे’ या शब्दाचा खण रिकामा होता. सहाशे चौदा चिठ्ठ्या, बावीस वर्षांचे काम. किल्ल्या दोघांकडे होत्या, बाईंकडे आणि प्रमुख संपादकांकडे, ज्यांना सगळे थोरले म्हणत. प्रमुखांनी स्वतःच्या घरात चोरी केली असे कोण म्हणेल? आठवड्याच्या आत बाईंना काढले. पुढे कोशाच्या प्रस्तावनेत एक वाक्य छापून आले: ‘लागणे या शब्दाच्या मूळ चिठ्ठ्या तत्कालीन राखणदार स्त्रीच्या हातून नाहीशा झाल्या.’ नाव नव्हते, पण त्या कचेरीत स्त्री एकच होती.

काका तेव्हा सहसंपादक होते. प्रत्येक मसुद्याच्या शेवटी ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ असे लिहायची त्यांची खोड, त्यावरून हे नाव पडले आणि पुढे बायकोच्या माहेरापर्यंत पोहोचले. बाईंना उत्तर लिहायला ते किती वेळा तरी बसले होते. दर वेळी लेखणी एकाच शब्दाशी अडे: ठाऊक. कोशात हा शब्द त्यांनीच लिहिला होता. वाटणे, समजणे, खात्री असणे आणि ठाऊक असणे यांच्यामधल्या भिंती त्यांनीच बांधल्या होत्या. वाटते ते चुकू शकते. खात्रीसुद्धा खोटी ठरू शकते. पण ठाऊक असलेली गोष्ट खरीच असावी लागते, नाहीतर तो शब्द वापरताच येत नाही. बाई निर्दोष आहेत असे त्यांना वाटत होते. ठाऊक आहे असे कसे लिहायचे?

निदान स्वतःला ते हेच सांगत आले होते.

आता कोशाची नवी आवृत्ती निघणार होती, जुनी प्रस्तावना जशीच्या तशी पुन्हा छापली जाणार होती, आणि मंगळवारी सकाळी बाइंडरचा फोन आला.

“काका, तुमच्या कोशाच्या पोटातून चिठ्ठ्या निघतायत. पेन्सिलीचे आकडे आहेत त्यांच्यावर. येता का लगेच?”

२

बाइंडरची खोली तळघरात होती. खळीचा आंबूस वास, लोखंडी दाबयंत्र, कोपऱ्यात कातड्याच्या कापट्यांचा ढीग. एका घमेल्यात सहाव्या खंडाचे पुठ्ठे पाण्यात भिजत होते.

“पुठ्ठा विकतचा नाही,” बाइंडर हात पुसत म्हणाला. “आमचे वडील घरी थापायचे. रद्दीचे थर खळीने चिकटवून दाबाखाली ठेवायचे. लोखंडासारखा व्हायचा. कचेरीतली ही प्रत उसवली म्हणून आली माझ्याकडे. पाण्यात टाकली तर एकेक थर सुटायला लागला. वरचे थर वर्तमानपत्राचे, आणि आत हे.”

दोरीवर चिमट्यांनी एकोणीस चिठ्ठ्या वाळत टाकल्या होत्या. पाण्याने शाई फिकी झाली होती, पण वाचता येत होती. पेन्सिलीला मात्र काही झाले नव्हते. काकांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. भूक लागली. ठेच लागली. वेळ लागेल. दार लागले. दिवा लागला. प्रत्येक चिठ्ठीवर एक वाक्य, ज्या पुस्तकातून घेतले त्याचे नाव, खाली उतरवून घेणाऱ्याची आद्याक्षरे आणि वरच्या कोपऱ्यात अर्थाचा आकडा.

“कधीची बांधणी?”

“खंड छापला त्याच सालची.”

म्हणजे बाई गेल्यानंतर वर्षभराने.

“रद्दी कोण आणून द्यायचं?”

“पोती यायची कचेरीतून. कधी शिपाई आणायचा, कधी कुणी साहेब जाता जाता पिशवी टाकून जायचे. मी तेव्हा दुसऱ्या गावी शिकत होतो. वडील गेले, आता विचारणार कुणाला?” बाइंडरने खांदे उडवले. “पण यात शोधायचं काय आहे, काका? बाईंनीच रागाच्या भरात रद्दीत कोंबल्या असतील. पोतं वर्षभर पडून राहिलं असेल.”

“असेलही,” काका म्हणाले.

त्यांचे आयुष्य या ‘असेलही’वर गेले होते. त्यांनी दोरीवरची ‘वेळ लागेल’ची चिठ्ठी अलगद काढली आणि खिडकीच्या उजेडात तिरपी धरली. कोपऱ्यात ६ होता. सहाच्या खाली खोडलेल्या आकड्याची राखाडी खूण होती. १४.

काकांनी चिठ्ठी पुन्हा तिरपी करून पाहिली.

“काय हो, काय झालं?” बाइंडरने स्टूल पुढे केले.

“नाही. हा सहा इथे असायला नको.”

३

“अहो, पलंगावर हे काय मांडलंय? बसायचं कुठे माणसाने?”

“हात लावू नकोस. ओल्या आहेत.”

बायको भाजीची परडी घेऊन खुर्चीत बसली. तिला चिठ्ठ्यांचे वेड ठाऊक होते. लग्नानंतर पहिली दोन वर्षे तिनेही संध्याकाळी वाक्ये उतरवून दिली होती.

“सांगा,” ती शेंगा मोडत म्हणाली. “तुम्हाला सांगायचंय ते दिसतंय मला.”

“आमच्याकडे अर्थाचा आकडा पेन्सिलीने घालायचे. शाईने कधीच नाही. का, तर अर्थ एका जागी राहत नाहीत. आज वाटतं, भूक लागणं आणि झोप लागणं हा एकच अर्थ. उद्या लक्षात येतं की भूक लागते तेव्हा काहीतरी हवं असतं, आणि झोप लागते तेव्हा ती आलेली असते. मग दोन वेगळे अर्थ करायचे आणि सगळे आकडे खोडून नवे घालायचे.”

“म्हणजे शेवटचा आकडा ज्याने घातला, त्याच्या हातात ती चिठ्ठी शेवटची होती.”

काका तिच्याकडे बघत राहिले. हे वाक्य जुळवायला त्यांना बसमध्ये अख्खा प्रवास लागला होता.

“बरोबर. चोरी झाली तेव्हा ‘लागणे’चे अर्थ मी अडतीस पाडले होते. त्यात वेळ लागणे चौदावा. चिठ्ठ्या गेल्या, पुरावा गेला, म्हणून मी टिपणांवरून सगळं नव्याने लिहिलं आणि अडतीसाचे एकवीस केले. त्यात वेळ लागणे सहावा झाला. हे कधी? बाई गेल्यानंतर तीन महिन्यांनी.”

बायकोचा हात थांबला.

“आणि या चिठ्ठीवर सहा आहे.”

“एकोणीसही चिठ्ठ्यांवर नवे आकडे आहेत. मी जुन्या टिपणवहीशी एकेक ताडून पाहिलाय. बाई तोवर बहिणीच्या गावी गेल्या होत्या. नवी मांडणी त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. छापून झाल्यावर पाहिली म्हणावं, तर तोवर चिठ्ठ्या या पुठ्ठ्यात गेलेल्या होत्या.”

“मग पाहिली कुणी?”

“थोरल्यांनी पाहिली असती, पण ते तेव्हा अंथरुणाला खिळलेले. अर्धांगाचा झटका. अक्षर दिसत नव्हतं त्यांना. उरलो दोघं. एक धाकटे.”

धाकटे म्हणजे तेव्हाचे सर्वांत तरुण संपादक. आता एकसष्टीला आले होते, कोशाचे प्रमुख झाले होते, तरी लोक त्यांना धाकटेच म्हणत.

“आणि दुसरे?”

“मी.”

बायको हसली नाही. “तुम्ही नेल्या होत्या?”

“नाही. म्हणजे मला तसं आठवत नाही.” काकांनी कपाळ चोळले. “माणूस विसरतो गं. उद्या मी धाकट्यांवर बोट दाखवलं आणि चिठ्ठ्या आपल्याच माळ्यावर निघाल्या तर? एका निरपराध बाईचं नाव गेलं. आता दुसऱ्या निरपराध माणसाचं घालवू?”

“माळा मी दर सहा महिन्यांनी झाडते. तिथे एक तुटकी सायकल आहे आणि तुमच्या आईची पेटी. अजून काही नाही.” तिने परडी खाली ठेवली आणि पलंगाकडे पाहिले. “एक विचारू? अठरा चिठ्ठ्या सरळ ठेवल्यात. ही एकच पालथी का ठेवलीत?”

काकांनी ती चिठ्ठी तशीच पालथी उचलून रुमालात गुंडाळली.

४

कानामात्रा हे कचेरीचे जुने मुद्रितशोधक. आयुष्यभर लोकांच्या चुका काढल्या, त्यामुळे म्हातारपणी भेटायला कुणी येत नसे. दोन्ही कानांनी ऐकू कमी येई, पण दाराची घंटा वाजली की भिंतीला लावलेला दिवा पेटे.

“तुम्ही गेलात असं ऐकलं होतं,” त्यांनी दार उघडताच म्हटले.

“नाही, अजून आहे.”

“चांगलं आहे. मग बातमीत चूक होती.”

खोलीत जमिनीपासून छतापर्यंत मुद्रिते रचलेली. छापण्याआधी तपासायला येणारे ते कागद काम झाले की फेकायचे असतात. कानामात्रांनी एकही फेकला नव्हता. कुणी आपल्यावर चूक ढकललीच तर दाखवायला असावेत म्हणून.

“‘लागणे’ची पाने हवी होती,” काका ओरडून म्हणाले.

“ओरडू नका. सावकाश बोला, ओठ दिसू द्या. ‘लागणे’? तेवीस वर्षांनी?” त्यांनी काकांकडे निरखून पाहिले. “बाईंचं काही कळलं वाटतं.”

“तुमचा त्यांच्याशी संबंध आहे?”

“मी पत्र पाठवतो वर्षातून एकदा. पत्ता तोच आहे, बहिणीचा. तीन ग्रंथालयांनी नोकरी नाकारली त्यांना. प्रत्येक ठिकाणी आपला कोश होता ना, प्रस्तावनेसकट. पुढे शिवणाच्या कारखान्यात काज-बटणं केली. आता डोळे अधू झालेत.” ते गठ्ठ्यांमधून वाकून वाट काढत होते. “मागच्या पत्रात लिहिलं होतं त्यांनी, नव्या आवृत्तीत तरी ते वाक्य राहणार नाही ना? मी काय सांगणार? माझ्या हातात काना आणि मात्रा. वाक्यं तुमच्या लोकांच्या हातात.”



पाने निघाली. पिवळी पडली होती, पण कोपरा मोडलेला नव्हता. काकांनी बोट फिरवत सतरावा अर्थ गाठला: ‘नात्याने संबंधित असणे’. त्यांच्या मसुद्यात या अर्थाला अवतरण नव्हते, कारण चिठ्ठी गेलेली. छापलेल्या कोशात मात्र अवतरण होते. समासात कुणीतरी शाईने ते वाढवले होते.

‘तो मनुष्य माझा कोणी लागत नसे, पण त्याचे जोडे दाराशी दिसले की घर भरल्यासारखे वाटे.’

“हे अक्षर कुणाचं?”

“धाकट्यांचं. लंगडा ‘झ’ बघा ना. मी तेव्हा विचारलंही होतं, चिठ्ठी नाही तर अवतरण आणलं कुठून? म्हणाले, वाचलेलं लक्षात होतं. पुस्तकाचं नाव, पान, साल, सगळं तोंडपाठ. थोरले ते ऐकून इतके खूष झाले की पडल्या पडल्या सांगितलं, माझ्यामागे हाच.” कानामात्रांनी मान हलवली. “काय स्मरणशक्ती म्हणायची.”

“हो,” काका म्हणाले. “जरा जास्तच चांगली.”

त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेली चिठ्ठी काढली. पालथी ठेवलेली. तिच्यावर तेच वाक्य होते.

“अरेच्चा,” कानामात्रा म्हणाले. मग त्यांनी डोळे बारीक करून खालची आद्याक्षरे वाचली आणि हळूच म्हणाले, “ही तर तुम्ही लिहिलेली चिठ्ठी आहे.”

५

घरी आल्यावर काकांनी कपाटातून एक जुने आठवणींचे पुस्तक काढले. पाठ निखळलेली होती, पाने ठिसूळ झाली होती. चिठ्ठीवर नमूद केलेले पान त्यांनी उघडले आणि बायकोला म्हणाले, “वाच.”

तिने दोरीने बांधलेला चष्मा नाकावर चढवला. “‘तो मनुष्य रक्ताने माझा कोणी लागत नसे, पण त्याचे जोडे...’”

“थांब. आता चिठ्ठी वाच.”

“‘तो मनुष्य माझा कोणी लागत नसे...’” ती अडखळली. “इथे ‘रक्ताने’ नाहीये.”

“मी गाळला. सव्विसाव्या वर्षी, उतरवून घेताना. एकच शब्द, पण त्याने अर्थाची वाट लागली. पुस्तकातला माणूस म्हणतोय, रक्ताने लागत नव्हता. म्हणजे आणखी कशाने तरी लागत होता. मी ते काढलं आणि तो कोणीच लागत नाही असं करून ठेवलं.”

“आणि कोशात?”

“कोशातही ‘रक्ताने’ नाही. धाकट्यांनी हे पुस्तकात वाचून लक्षात ठेवलं असतं, तर एखादा शब्द इकडचा तिकडे झाला असता. नेमका माझा गाळलेला शब्द त्यांच्या स्मरणशक्तीतूनही कसा गळेल? माणूस दुसऱ्याचं ज्ञान उसनं घेऊ शकतो. पण दुसऱ्याची चूक जशीच्या तशी आली, तर त्याच्या पुढ्यात कागद होता असंच म्हणावं लागतं. आणि तो कागद तेव्हा चोरीला गेलेला होता.”

 बायकोने पुस्तक उजेडात धरले.

“या ओळीच्या बाजूला पेन्सिलीची खूण आहे. तारीख पण आहे.” तिने तारीख वाचली आणि नवऱ्याकडे पाहिले. “अहो, ही तारीख...”

“मला उद्या कचेरीत जायचंय,” काका म्हणाले. “सदरा इस्त्रीचा आहे का?”

६

प्रमुखांच्या खोलीत आता चिठ्ठ्यांचे खण नव्हते. त्या जागी पडदा होता, आणि पडद्यावर नव्या प्रस्तावनेचे पहिले पान. काकांना ते वाक्य चष्म्याविनाही ओळखता आले.

“या काका, बसा. चहा सांगू?” धाकटे उठून उभे राहिले. माणूस पहिल्यापासून अदबशीर.

“नको.” काकांनी टेबलावर चिठ्ठी ठेवली, शेजारी मुद्रिताचे पान ठेवले आणि पुस्तक उघडून ठेवले. बोलायचे काय ते रात्रभर घोकले होते, ते सगळे आठवेनासे झाले. “माझं चुकत असेल,” असे म्हणून त्यांनी सुरुवात केली आणि मग सहा, चौदा, रक्ताने, सारे काही अडखळत सांगितले.

धाकट्यांनी मध्ये एकदाही अडवले नाही. शेवटी चिठ्ठी उचलून कोपऱ्यातल्या आकड्यावरून अंगठा फिरवला.

“हाताला लागलेली सवय,” ते म्हणाले. “नवी मांडणी समोर आली की आकडे बदलायचे. घरात, दार लावून, चोरीच्या चिठ्ठ्यांवर मी आकडे बदलत बसलो होतो. बायको म्हणाली, हे करून दाखवणार कुणाला?”

“का नेल्यात?”

“काम करायला, काका. दुसरं काय? तीन दिवस कचेरी बंद. थोरल्यांची किल्ली रंगाऱ्यांसाठी माझ्याकडे दिलेली होती. म्हटलं, तीन दिवसांत ‘लागणे’ पुरा करून दाखवतो. पुरा झाला नाही. ‘लागणे’ कुणाचा तीन दिवसांत पुरा होणार? म्हटलं, सोमवारी दुपारी गुपचूप ठेवू. पण बाईंनी सकाळीच खण उघडला. रंगाऱ्यांनी काही सांडलं का ते बघायला.” ते थांबले. “थोरले जिन्यापर्यंत ऐकू जाईल असं ओरडत होते. किल्ली मला दिल्याचं झटक्यानंतरच नव्हे, त्याच दिवशी विसरले होते ते. तेव्हा बोललो असतो तर एका मिनिटाची गोष्ट होती. मी म्हटलं, दुपारी बोलू. दुपारी बाई रडत होत्या. मग म्हटलं, उद्या.”

“आणि पुढे रद्दीत.”

“थोडथोड्या. सगळ्या एकदम टाकवल्या नाहीत.”

 धाकट्यांनी संगणकाकडे वळून ते वाक्य निवडले. ते निळे झाले.

“मी हे काढून टाकतो. आत्ता, तुमच्यासमोर. पुढच्या महिन्यात मी निवृत्त होतोय. समारंभ ठरलाय, लेकीच्या सासरचे येणार आहेत. वाक्य गेलं की बाईंचं नाव मोकळं झालं. कुणाचंच काही बिघडणार नाही. चालेल?”

काकांना चालले असते. असे गाजावाजा न होता मिटणारे सारे त्यांना आयुष्यभर चालत आले होते. पण कानामात्रांच्या खोलीतले ते तीन नकार त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेनात.

“जुन्या आवृत्त्या सगळ्या ग्रंथालयांत आहेत,” ते म्हणाले. “नव्यात नुसतं काढलं, तर लोक म्हणतील कोशाने दया दाखवली. काढू नका. दुरुस्त करा. काय झालं ते लिहा.”

“माझ्या नावानिशी?”

“त्यात बाईंचंही नाव नव्हतं. तरी सगळ्यांना कळलं.”

धाकट्यांचा आवाज पहिल्यांदाच बदलला. “काका, तुम्हाला अगदी खात्री आहे? तुम्हाला, ज्यांना स्वतःच्या वाढदिवसाची तारीखही दोनदा बघावी लागते? उद्या मी म्हटलं की अवतरण तुम्हीच मला तोंडी सांगितलं होतं, तर काय कराल?”

“ही तारीख दाखवीन.” काकांनी पुस्तकातल्या समासावर बोट ठेवले.

धाकट्यांनी वाकून पाहिले. तारीख तेवीस वर्षांपूर्वीची होती, सहावा खंड छापून आल्यानंतरच्या आठवड्यातली. खाली काकांच्या बारीक अक्षरात लिहिले होते: ‘माझी गळती. चिठ्ठी धा.कडे आहे.’

धाकटे सावकाश खुर्चीत टेकले.

“म्हणजे तुम्हाला तेव्हाच...”

“हो.”

“आणि बाईंचं पत्र?”

“त्याच महिन्यात आलं होतं.”

“मग तेवीस वर्षं बोलला का नाहीत?”

“भीती. दुसरं काय? थोरले शेवटच्या घटका मोजत होते, तुम्ही त्यांचे लाडके, माझा स्वभाव हा असा. शिवाय सांगायचं तर आधी माझी गळती कबूल करावी लागणार. मी स्वतःला समजावलं की हा नुसता संशय आहे, संशयाला ज्ञान म्हणता येत नाही. शब्दांच्या भिंती मला चांगल्या बांधता येतात. एका भिंतीमागे मी लपलो.” काकांनी पुस्तक मिटले. “तेव्हा बाईंना काढताना थोरल्यांनी मला विचारलं होतं, तुम्ही त्यांच्यासाठी बोलणार का, त्या तुमच्या कोण लागतात? मी म्हटलं, कोणी नाही.”

दार लोटून शिपाई प्रस्तावना छपाईला कधी जाणार हे विचारून गेला. धाकटे म्हणाले, सांगतो. मग ते पडद्यावरच्या निळ्या ओळीकडे वळले.

“तुम्ही बाईंना लिहिणार आहात,” ते म्हणाले. तो प्रश्न नव्हता.

“आज. तुम्ही प्रस्तावनेत काहीही छापलंत तरी.”

“मला शुक्रवारपर्यंत वेळ द्या.”

“वेळ मी द्यायचा नाही. तुम्ही त्यांच्याकडे मागा. पत्ता देतो.”

पत्ता लिहिलेला कागद धाकट्यांनी घेतला. घडी घालून खिशात ठेवला की टेबलावरच राहू दिला, हे काकांनी मागे वळून पाहिले नाही.

७

पहिल्या मसुद्यात चार वेळा ‘कदाचित’ होते. बायकोने तो वाचला आणि न बोलता परत दिला. दुसऱ्यात क्षमायाचना इतकी लांबली की मूळ गोष्ट तिसऱ्या पानावर गेली.

“त्यांचे डोळे अधू झालेत म्हणालात ना?” बायको म्हणाली. “मग त्यांना कुणीतरी वाचून दाखवणार. त्या वाचणाऱ्याला काय कळायला हवं, तेवढं लिहा. स्वतःबद्दलचं रडगाणं नंतर.”

“तू संपादक व्हायला हवी होतीस.”

“मी होतेच. तुम्हाला पगार मिळायचा, एवढाच फरक.”

तिसऱ्या वेळी त्यांनी मोठ्या अक्षरात, ओळींमध्ये भरपूर जागा सोडून लिहिले:

‘बाई, तुमच्या पत्राचे उत्तर.

‘लागणे’च्या चिठ्ठ्या तुम्ही नेलेल्या नाहीत. मला हे ठाऊक आहे. धाकट्यांनी नेल्या होत्या, आणि आज त्यांनी माझ्यापुढे ते मान्य केले. पुराव्याची नक्कल सोबत जोडली आहे.

तुमचे पत्र आले तेव्हाही मला हे ठाऊक होते. मी लिहिले नाही, कारण मला भीती वाटली. त्या एका ओळीअभावी तुमची तेवीस वर्षे गेली. ती परत देण्यासारखे माझ्याकडे काही नाही.

तुम्ही लिहिले होते की उत्तर कुणालाही दाखवणार नाही. हे पत्र सगळ्यांना दाखवा. ज्या तीन ग्रंथालयांनी नकार दिला त्यांना मी वेगळे लिहीत आहे. कोणी विचारले तर मी येऊन उभा राहीन.’

त्यांनी सही केली. सहीखाली आणखी काही लिहायला हात वळत होता, तो बायकोने धरला.

पोस्टात गर्दी नव्हती. खिडकीतल्या बाईने पाकीट तोलले, तिकिटे लावली, पत्ता वाचला आणि म्हणाली, “आजोबा, गाव लांबचं आहे. पोहोचायला तीन-चार दिवस लागतील.”

“चालेल,” काका म्हणाले.

तिने शिक्का मारला आणि पाकीट मागच्या टोपलीत टाकले.